उकळत्या पाण्याचा नळ

माझ्या मुलाने सावेडीतल्या फ्लॅटमध्ये उकळत्या पाण्याचा नळ बसवला आहे. ओट्याखाली छोटी टाकी, तिला वायर, आणि वर बेसिनला एक चकचकीत नळ. नळाला दोन चाव्या. डावी साध्या पाण्याची, उजवी उकळत्या पाण्याची. हे त्याने मला इतक्या कौतुकाने दाखवलं, की पाणी तापवायचा शोध त्याच्याच घरात लागला म्हणावं.

मी विचारलं, "चहा होतो का यात?"

"पाणी तयार मिळतं, अण्णा."

"मग दूध, साखर, पत्ती कुठं उकळायची?"

"ते पातेल्यात. पण ग्रीन टीला लागत नाही ना पातेलं."

तो ग्रीन टी मी एकदा तोंडात घेतला. म्हैस धुतलेल्या पाण्याला त्याच्यापेक्षा बरी चव असेल. म्हणजे पाणी उकळून घ्यायचं, आणि चहासाठी पुन्हा गॅसवर ठेवायचं. याला सोय म्हणतात. लाईट गेली की नळ थंड. चार पाहुणे आले की टाकी रिकामी, आणि पाचव्याने तोंड बघत बसायचं. बोअरच्या पाण्याचे क्षार तोंडाशी साचले की नळ सरळ धार सोडत नाही, पिचकाऱ्या मारतो. आणि हे आणायला माणसाला शिकावं लागतं.

मी हसून सोडून दिलं असतं. पण आमची कारभारीण डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कोल्हारहून तिथे राहायला आली, सोबत मीही. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याने आधीच धूसर दिसायचं. सून सुप्याच्या कंपनीत जाते, मुलगा त्याच्या कामाला. दिवसभर घरात आम्ही दोघंच.

मी मुलाला म्हणालो, "तुझी आई चाचपडत चालते. तोवर ते बंद ठेव."

"अण्णा, सेफ आहे. उजवी चावी नुसती फिरवून उघडतच नाही. आधी दाबायची, मग फिरवायची. चुकून असं कोण करतं?"

दोन दिवसांनी दुपारी मी बाहेरच्या खोलीत पडलो होतो. आतून तांब्या पडल्याचा आवाज आला, आणि मागोमाग तिची किंकाळी. ती तांब्या विसळायला गेली होती. डावा हात नळाखाली, उजव्या हाताने चावी चाचपली. सापडली ती उजवी. फिरवली, फिरेना. म्हणून तिने तळहाताने दाबली आणि फिरवली.

मी तिचा हात डाव्या चावीच्या गार धारेखाली धरला आणि सोडला नाही. शेजारीण धावत आली टूथपेस्ट घेऊन. म्हटलं, "बाई, हात भाजलाय, दात नाही." मग रिक्षा करून दवाखाना गाठला. चार बोटं लालभडक, त्यातल्या दोन बोटांवर टरारून फोड.

संध्याकाळी मुलगा आला. पहिला प्रश्न काय, "पण आईने दाबलं कशाला?"

"गावी आपल्या अंगणातला नळ कसा उघडतोस तू?" मी विचारलं.

आमच्या त्या नळाचे आटे तो चड्डीत होता तेव्हापासून झिजलेले आहेत. चावी नुसती फिरवली तर गरगर फिरते. तळहाताने दाबली तरच पकडते. त्याच्या आईने जन्मभर नळ असाच उघडला. नळ अडला की हात आपोआप दाब देतो. नळ बनवणाऱ्यांनी जे कुलूप केलं, ती तिची रोजची किल्ली होती.

मी म्हणालो, "आता हे काढून टाक."

यावर बोलली ती कारभारीण. बांधलेला हात मांडीवर घेऊन म्हणाली, "अवो, चुलीवरच्या आधणानं माझा पाय भाजला हुता, तवा तुमी चूल फोडली व्हय?"

पदर नसल्यामुळे सून तोंडावर ओढणी धरून हसली. मला राग आला.

"आधण दिसत होतं तुला," मी म्हणालो. "वाफ दिसते, झाकण वाजतं. बुडबुड ऐकून आंधळा माणूससुद्धा दोन हात लांब राहतो. हा नळ मेला गारठल्यासारखा उभा असतो, आणि आत उकळतं. याला कसं ओळखायचं?"

"ते खरं हाय," ती म्हणाली. मग सुनेला म्हणाली, "पर मला सैपाकघरात जाऊ नको म्हनू नका बाई. दिवसभर भिताडाकडं बघत न्हाई बसायची मी."

मी उठलो, ओट्याखाली वाकलो, टाकीचं बटन बंद केलं आणि उकळत्या पाण्याचा कॉकही आवळला. सून म्हणाली, "अण्णा, सकाळी मला डब्याची घाई असते."

"मी उठतो की. पातेलं ठेवतो."

आणि ठेवतो. पहाटे सगळ्यांआधी उठून गॅसवर आधण ठेवतो, आणि ते खदखदेपर्यंत तिथून हलत नाही. कारभारीण येते, आवाज ऐकून ओट्याच्या दुसऱ्या बाजूने जाते. आम्ही गावी गेल्यावर त्यांनी त्या नळातून खुशाल ग्रीन टी प्यावा. तिला पुन्हा तपासणीला यायचं आहे. तेव्हा मी आधी ओट्याखाली वाकणार, मग पिशवी खाली ठेवणार.