माळावरून गेलेला आवाज

बुढी अन् मी शेवटचं संगं काय केलं, तं तुरीच्या शेंगा उकडून खाल्ल्या. दुपार होती. अंगणातल्या चुलीवर मिठाच्या पाण्यात शेंगा शिजल्या, तिनं टोपल्यात उपसल्या, अन् आम्ही दोघं समोरासमोर बसून सोलत होतो. मधात फोन. मी अंगठ्यानं बटन दाबून धरलं होतं अन् ती फोनशी बोलत होती.

माझा अंगठा कामानं इतका फाटला, की फोन त्याले ओळखत नाही. जोरात दाबलं की बुढी ओरडे, "ओ बुढेबा, बैलाची वेसण नाही ते. हळू." हळू दाबलं की सुटे. सुटलं की तिचं अर्धं बोलणं वाया जाये, अन् मले दोन शिव्या हाणून ती पुन्हा पह्यल्यापासून सुरू होये. तिले लिहिता-वाचता येत नव्हतं. मी चौथीपर्यंत गेलतो, म्हणून आमच्या दोघांत मी शिकलेला.

"छोरी," ती फोनले म्हणाली, "आज शेंगा उकडल्या. तुह्या वाट्याच्याबी मीच खाऊन राह्यली. तू तिकडं पुस्तक खा." अन् हसली. मंग टरफलं बकरीले टाकाले उठली, अन् खाली बसली. बसली ती पुन्हा उठली नाही.

एवढंच झालं. ओरडली नाही, पाणी मागतलं नाही. मी म्हटलं, "काय झालं व?" तं माझ्याकडं पाह्यलं, अन् पाहतच राह्यली.

छोरी म्हणजे आमची नात. तिची माय लहानपणीच गेली, बाप म्हणजे माझा पोरगा ट्रकवर असते, म्हणून बुढीनंच तिले वाढवलं. बुढी तिची दादी, मी दादा. आता यवतमाळले होस्टेलवर राहून नर्सिंगच्या शेवटच्या सालाले हाये. घरात आम्ही आमच्या बंजाऱ्याइच्या गोर बोलीत बोलतो. इथं मराठीत लिहून राह्यलो, कारण वाचणाऱ्याले कळलं पाह्यजे.

आमचा तांडा झरी जामणीकडं जंगलाच्या अंगाले. घरात फोन लागत नाही. वर माळावर मोहाचं एक झाड हाये, त्याच्याखाली खडक. त्या खडकावर उभं राह्यलं की लागते. घरी बोललेलं सारं फोनमंदीच पडून राहते, त्याच्याखाली घड्याळाची बारीक खूण दिसते. संध्याकाळी मी बकऱ्या आणाले माळावर जाये तवा फोन खिशात नेये. खडकावर पोचलं की टुंग टुंग वाजे, बुढीचं बोलणं यवतमाळले जाये अन् छोरीचं इकडं येये. घरी आलं की बुढी हात पुसत पुसत म्हणे, "काय म्हणते माही बाई?" हेच आमचं टपाल.

त्या संध्याकाळी माळावर कोण जाते? फोनची चार्जिंग उतरली, तो कोनाड्यात पडून राह्यला. बुढी भरल्या हातानं गेली. कोपरापासून वरपर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या तिच्यासंगंच गेल्या. एकबी घरात ठेवली नाही.

पोरगा आला. पह्यली गोष्ट त्यानं हे सांगतलं, की छोरीले कळू द्यायचं नाही. तिचे पेपर चालू होते. मी म्हटलं, "अरे, दादी गेली तिची."

"बापू, मागच्या बारीले काय झालं, इसरले काय?"

इसरलो नव्हतो. मागं एकदा बुढीले नुसता ताप आलता, तं छोरी अर्धे पेपर टाकून पळत आली. ते साल गेलं. तवा बुढीनंच तिले दारात झापलं होतं, "मी मेली तरी पेपर सोडून यायचं नाही. मेलेलं माणूस कुठं पळून जाते काय?" त्यामुळं मी गप बसलो. पोरग्यानं छोरीले सांगतलं, दादीचा फोन बिघडला, दुरुस्तीले टाकला. साऱ्या तांड्याले ताकीद दिली. शेजारची पोरगी, छोरीची लहानपणची मैत्रीण, तिलेबी दम दिला. ती बिचारी छोरीले रोज काही ना काही लिहे, तिनं लिहिणंच बंद केलं. खोटं लिहिता येत नाही म्हणे.

तेरवी झाली. पोरगा ट्रक घेऊन गेला. छोरीचे पेपर संपत आले होते, संपले की तो स्वतः तिले घेऊन येणार होता अन् रस्त्यात सांगणार होता.

पण बाया गप बसतात थोड्याच? आमच्यात रीत हाये. बाया भेटल्या की एकमेकीच्या गळ्यात पडून सुरात रडतात. सुखात भेटल्या तरी, दुःखात भेटल्या तरी. होस्टेलवर सोडाले गेलो तवा बुढी गेटातच छोरीच्या गळ्यात पडली अन् सूर लावला. कॉलेजच्या पोरी थांबून पाहाले लागल्या, एकीनं मोबाइल काढला. छोरी लाजून म्हणाली, "दादी, इथं नको न व." बुढी घरी येईपर्यंत बोलली नाही. मंग म्हणाली, "इथं नको तं मंग रडू तरी कुठं?" त्यानंतर तिनं छोरीसमोर कधी सूर लावला नाही.

तेरवीले बाया म्हणून राह्यल्या होत्या, हातानं वाढवलेली पोर सुरात रडत नाही तवर जीव जात नाही, बुढी घरातच हाये अजून. मी हाकलून लावलं त्याइले. पण रिकाम्या घरात ते बोलणं मांगं राह्यलं. चूल पेटवताना मले वाटे, शेणीचा दुसरा तुकडा कोणीतरी आता पुढं करन.

एक दिवस वाटलं, तिचा फोन असा मेलेला ठेवू नये. शेजारी नेऊन चार्जिंगले लावला. संध्याकाळी बकऱ्या घरी आणून बांधल्या, अन् फोन खिशात टाकून माळावर गेलो. कायले गेलो, ते आतापर्यंत मले सांगता येत नाही. रोजची सवय पायाले होती, दुसरं काय.

खडकावर पाय ठेवला अन् खिसा बोलाले लागला. टुंग. टुंग. काढून पाह्यलं तं घड्याळाच्या खुणा एकामागं एक जाऊन राह्यल्या होत्या, त्यांच्या जागी बरोबरच्या खुणा येत होत्या. बुढीनं त्या दिवशी बोललेलं सारं निघून गेलं. शेंगांचं. पुस्तक खा म्हणाली ते. माझ्या अंगठ्यानं अर्धं तोडलेलं, अन् मांगून तिनं मले दिलेली शिवी, तेबी. अन् तिकडून छोरीचे इतक्या दिवसांचे निरोप भदाभदा येऊन पडले. माळावर जिवंत माणसाचं अन् मेलेल्या माणसाचं बोलणं एकमेकाले ओलांडून चाललं होतं, अन् मी मधात उभा.

मी फोन दोन्ही हातांनी धरून होतो, जसं पाखरू धरावं. एवढ्यात पुन्हा वाजला. छोरी.

"दादी! झाला काय फोन दुरुस्त? शेंगा एकटीच खाऊन राह्यली, लाज नाही वाटत? दादाले म्हण बटन नीट दाब. उद्या शेवटचा पेपर. बोल काहीतरी, किती दिवस झाले तुहा आवाज नाही."

मी घाबरून फोन बंद कराले गेलो. फाटका अंगठा नेमका बोलायच्या बटनावर पडला अन् तिथंच दबून राह्यला. आज सुटला नाही, ज्या दिवशी सुटाले पाह्यजे होता. मी काही बोललो नाही. श्वास तेवढा घेतला. टुंग झालं, अन् ते गेलं.

जरा वेळानं तिचा आवाज आला. वेगळाच आवाज.

"दादी, बोलली काहून नाही तू? नुसता वारा येऊन राह्यला. अन् मांगं तुह्या बांगड्या वाजून राह्यल्या. हात कापून राह्यला काय तुहा? बरं नाही काय? बोल दादी. नाही तं मी आत्ता स्टँडवर जाते. उद्याचा पेपर गेला खड्ड्यात."

मी माझंच पाठवलेलं लावून ऐकलं. वारा होता. माझा श्वास होता. अन् त्याच्या मांगं, लांबून, खळ, खळ. एकावर एक पांढऱ्या बांगड्या घसरतात तसं. बकरीच्या गळ्यातली घंटी असन असं मी म्हटलं. बकऱ्या तं मी घरी बांधून आलतो.

मांगं वळून पाह्यलं नाही. खोटं कायले सांगू, भ्यालो. पण त्याच्यापेक्षा जास्त भेव मले छोरीचं वाटलं. ती बोलली की करते. बॅग उचलून निघाली असती. बुढीनं जे जन्मभर मागतलं, छोरीचं शिक्षण, ते एका दिवसासाठी गेलं असतं, अन् माझ्या अंगठ्यानं गेलं असतं. मी बोललो असतो तं माझ्या आवाजावरनंच तिले सारं कळलं असतं. मले आवाज लपवता येत नाही.

तवा मी ते केलं. कोणताबी निरोप दाबून धरला की वर बाण येते, अन् बाण दाबला की तो दुसऱ्याले जाते, हे छोरीनंच शिकवलं होतं, तांड्यातल्या लग्नाचे फोटो तिले धाडाले. बुढीचे जुने निरोप मी वर वर सरकवत गेलो. एक एक लावून ऐकला. माळावर अंधारून येत होतं, अन् बुढी मोहाच्या झाडाखाली बोलत होती, खोकत होती, हसत होती, मले बैल म्हणत होती. पावसाळ्यात तिले खोकला झालता तवाचा एक भेटला.

"मले काय धाड भरली? मी धडधाकट हाव. तू आपला पेपर लिही. आली तं टांग तोडीन."

दाबून धरला. बाण दाबला. तो गेला.

छोरीचं उत्तर लगेच आलं. हसून राह्यली होती. "बरं बाई, नको तोडू टांग. नर्स लंगडी चालत नाही. तुहा आवाज ऐकला, बस झालं. उद्या पेपर झाला की येते. शेंगा ठेव माह्यासाठी."

मले वाटलं होतं, जीव हलका होईन. नाही झाला. बुढी जितेपणी एकबी गोष्ट खोटी बोलली नाही. मेल्यावर मी तिच्या तोंडून बोलवली.

उतरताना वाटेच्या दोन्ही अंगांनी तुरी. वाळलेल्या शेंगा तडकून राह्यल्या होत्या. टक. टक. कोणीतरी मांगं मांगं सोलत येते तसं. मी हळू चाललो की हळू, थांबलो की थांबे. शेंगा तडकतात, हे मले जन्मापासून माहीत हाये. तरी मी न वळता म्हटलं, "चाल घरी. उद्या जाऊ तिच्याकडं."

तांड्याच्या तोंडाशी, जिथं तिच्या फोनले कधीमधी रेंज भेटते, तिथं शेजारची पोरगी फोन धरून उभी होती. "दादा, दादीचा फोन कोण चालवून राह्यलं? आत्ता ऑनलाइन दिसली मले. हिरव्या लुगड्यातला तिचा फोटो, अन् खाली ऑनलाइन."

"मीच होतो," मी म्हटलं. खरंच होतं ते, पण सांगताना माझाच मले विश्वास वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन बंद केला. पार बंद. बुढीच्या फाटक्या ओढणीत गुंडाळून कोनाड्यात ठेवला. पुन्हा तिले कोणाशी बोलाले लावायचं नाही, असं ठरवलं. मंग चूल पेटवली, हिरव्या राह्यलेल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडल्या अन् फडक्यात बांधल्या. पोरग्यासाठी थांबलो नाही. रस्त्यात सांगायची गोष्ट नव्हती ही. पह्यली गाडी धरून पांढरकवड्याले आलो, तिथून यवतमाळची गाडी. खिडकीकडची जागा रिकामी होती. मी तिच्याशेजारच्या जागेवर बसलो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, सरका न आत." मी म्हटलं, "राहू द्या."

कॉलेजच्या गेटवर चौकीदारानं अडवलं. "काय काम हाये?" म्हटलं, नात पेपर देऊन राह्यली, बाहीर आली की भेटतो. कडूनिंबाखाली बसून राह्यलो. ऊन सावलीत शिरलं तशा पोरी बाहेर येऊ लागल्या. कोण हसून, कोण पेपराचा कागद चुरगाळून. माझी छोरी मले पाहून हसली. "दादा! तू कसा?" मंग माझ्या बाजूले पाह्यलं. माझ्या मांगं पाह्यलं. हातातल्या फडक्याकडं पाह्यलं.

"पेपर झाला काय पुरा?" मी विचारलं.

"झाला. दादी कुठं हाये?"

मी रस्ताभर शब्द जुळवून ठेवले होते. एकबी आला नाही. आमच्यात माणसं सुरात रडत नाहीत, ते बायाइचं काम. पण मले दुसरं काही येत नव्हतं. मी तिच्या गळ्यात हात टाकला अन् बुढीचा सूर लावला, जसा येईन तसा, फाटक्या गळ्यानं. पोरी थांबल्या. चौकीदार म्हणाला, "बाबा, इथं नको." मी थांबलो नाही.

छोरी आधी लाकडासारखी झाली. माझ्या हातातलं शेंगांचं फडकं खाली पडलं. मंग माझ्या खांद्यात तोंड खुपसून, तिथंच गेटात, साऱ्याइच्या समोर, तिनं पुढची ओळ उचलली.