नदीची सवड

शेंद्र्याच्या पलीकडे आमचं गाव. गाव आणि मळा यांच्या मधून नदी जाते. नदी म्हणायचं आपलं, उन्हाळ्यात तिच्यात शेरडं बसलेली असतात.

डोंगरावर पाऊस कोसळला की पाणी गावापर्यंत यायला वेळ लागायचा. वरचं गायरान, झुडपं, नांगरलेली रानं आधी पोटभर प्यायची, उरलेलं नदीला मिळायचं. त्या मधल्या वेळाला आमच्याकडे ‘सवड’ म्हणत. सवडीत माणसं मळ्यातली जनावरं सोडवून घेऊन, नदी ओलांडून घरी येत. काही जण तर निवांत तंबाखू मळत. सवड किती, याबाबत थोरल्या काकूचा शब्द शेवटचा. डोंगराकडे बघून ती सांगायची आणि सारा गाव ऐकायचा. काका मात्र कुरकुरायचे, की ही घरात कुणाला सवड देत नाही.

मग गायरान सपाट झालं. कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या, रुंद डांबरी रस्ते आले, सिमेंटच्या नाल्या थेट नदीत सोडल्या. घरातल्या दोघांना नोकऱ्या लागल्या म्हणून आम्ही पेढे वाटले. पाणी मुरायची जागा गेली, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यानंतरचा पहिला मोठा पाऊस परतीचाच आला. भरदुपारी डोंगर काळा झाला. गाय पलीकडे मळ्यात बांधलेली होती. मी म्हणालो, “काकू, राहू दे. पूर ओसरला की आणू.”

ती हसली. “सवड हाय लई. च्या ठेवायला सांग, आलेच.”

पदर खोचून ती नदीत उतरली. मध्यावर थांबून तिनं एकदा डोंगराकडे बघितलं. तेवढ्यात वळणावरून पुरुषभर उंच पाणी आलं. मी काठावर होतो. मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

पुढचं त्याहून भयंकर. आला तसाच पूर गेला. दिवस मावळायच्या आत नदीत घोट्याएवढं पाणी उरलं, आणि त्यातून आम्ही तिला हाका मारत फिरलो. ती दुसऱ्या दिवशी खालच्या गावच्या बंधाऱ्याला सापडली.

आता मी शहरात, गारखेड्यात राहतो. आजूबाजूला सगळं काँक्रीट. सर आली की लगेच रस्त्यावरून लोंढा वाहतो. तो आवाज ऐकला की अजूनही मी हातातलं काम टाकून उठतो. बायको खिडकी लावून घेते.

गावात लोक म्हणायचे, म्हातारीचा अंदाज चुकला. काका चवताळून उठायचे.

“ती नाय चुकली. सवड संपली, हे तिला कुणी सांगितलंच नाय.”