या आठवड्यात कोणाची घरघंटी चालली?

श्रीकांतने पेनचं टोपण काढलं, तेव्हा मी म्हटलं, “सही करण्याआधी एक प्रश्न विचारते.”

डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत मीटिंग चालली होती. श्रीकांत मालक, कंपनी त्याच्या वडिलांनी उभी केलेली. निवृत्तीनंतर मी ठाण्यातल्या वर्तकनगरहून तिथे सल्लागार म्हणून जाते. आम्ही घरघंटी बनवतो, म्हणजे घरात पीठ दळायचं, लहान कपाटाएवढं विजेचं यंत्र. विक्री घसरत होती. त्यावर श्रीकांतचा उपाय होता मोबाईलवरून चालणारी स्मार्ट घरघंटी. समोर तिच्या साच्यांची ऑर्डर होती. साचे एकदा बनले की माघार नाही. त्यासाठी कारखाना गहाण पडणार होता. मॉडेल चाललं नाही, तर कारखानाच गेला असता.

कंपनीला पुढे कुठे जायचंय, ते व्हिजन. त्यासाठी काय बनवायचं आणि काय नाही, ती प्रॉडक्ट स्ट्रॅटेजी. आमचं व्हिजन श्रीकांतच्या वडिलांनी भिंतीवर रंगवून घेतलेलं होतं: ‘प्रत्येक घरात घरघंटी’. त्याच्याकडे मान वर करून कोणी बघत नव्हतं.

आमच्याकडे नोकरीत कायम झालेल्या प्रत्येकाला कंपनी घरघंटी देते. म्हणून मी विचारलं, “या आठवड्यात कोणाच्या घरची घरघंटी चालली?”

“मॅडम, हा काय प्रश्न झाला?” श्रीकांत म्हणाला.

“तुमच्याकडची चालली?”

त्याने ऑर्डरचे कागद पुढे ओढले. त्याच्या घरचा गव्हाचा डबा खालच्या गिरणीत जातो, हे मला ठाऊक आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. मग एकेकाची कारणं निघाली. आवाजाने शेजारी भांडतात, पीठ उडतं, गिरणी तर बिल्डिंगखालीच आहे.

“आमच्याकडे चालते,” सावंत म्हणाले. हे सेल्स हेड. स्मार्ट मॉडेलसाठी सगळ्यात आग्रही. “पण मिसेस उपवासाची भाजणीच दळते. गिरणीत गव्हाचं पीठ मिसळतं, ते उपवासाला चालत नाही. ठाकुर्लीतली आमची अख्खी बिल्डिंग तिच्याकडे येते. आता ती विकतेसुद्धा.”

“मोटर तापत नाही?”

“एकदा जळली. गुपचूप बदलून घेतली.”

“गुपचूप का?”

“घरगुती मशीनवर धंदा केला की आपण वॉरंटी देत नाही ना.”

सगळे हसले. श्रीकांत हसला नाही. “असे फोन किती येतात, सावंत?”

“रोज येतात, सर. आपण त्यांना नियम ऐकवतो.”

ज्यांची यंत्रं खरोखर चालत होती, त्यांनाच आम्ही परत पाठवत होतो.

श्रीकांतचा राग माझ्यावर निघाला. “म्हणजे बाबांचं चुकलं?”

“नाही. तेव्हा गिरणी लांब होती.”

त्याने टोपण लावलं.

सावंतांनी डीलर्सना स्मार्ट मॉडेलचा शब्द दिला होता. शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. आम्ही जुन्याच सांगाड्यात दमदार मोटर बसवली, धान्य बदलताना चटकन साफ होईल अशी जाळी केली. भाजणी आणि नाचणीचं पीठ विकणाऱ्या बायकांसाठी. पहिलं वर्ष वाईट गेलं, पगार उशिरा झाले. पण कारखाना राहिला. भिंतीवरचं वाक्य पुसलं, त्या दिवशी श्रीकांत कामावर आला नाही.

त्याच्या घरचे गहू अजून खालच्या गिरणीतच जातात. आता ते तो लपवत नाही. आपलं गिऱ्हाईक कोण नाही, हे कळायला आम्हाला एक पिढी लागली.