इक्बाल आणि वाचनालयाचा सर्व्हर

इक्बाल गेला.

सकाळी साडेनऊला त्याच्या भावाचा फोन. "सर, भाईला अटॅक आला. संपलं."
मी विचारलं, "कुठला भाई?" खरंच असं विचारलं मी.

बेचाळीस वर्षांचा मुलगा. पोलादपूरच्या शाळेत माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. आणि मी सत्तरीचा इथे टाईप करतोय.

काही सुचत नाहीये. पण एक गोष्ट आज लिहिली नाही तर कधीच लिहिणार नाही.

महाडच्या आमच्या वाचनालयात जुन्या माणसांच्या आवाजात शाळेतल्या कविता टेप केलेल्या होत्या. पाचाडची एक आजी, चौथीत शाळा सुटलेली, जन्मभर भात लावलेलं. साठ वर्षांनी अख्खी कविता चालीवर म्हणाली. एक शब्द चुकला नाही.
माझी हीसुद्धा होती त्यात. तीन महिन्यांनी ही गेली.

पुढे कॅसेटींना बुरशी धरली. इक्बाल तेव्हा दुबईहून नुकता परतला होता, तिथे सर्व्हर सांभाळायचा. इथे कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं.
"सर, सर्व्हरवर टाकू सगळं. चार डिस्क लावू. एक मेली तरी बाकीच्यांतून परत मिळतं."

भांडण झालं ते कार्डावरून. डिस्क ज्या कार्डाला जोडायच्या ते दोन तऱ्हेचं मिळतं म्हणे. एक रेड कंट्रोलर (रेड म्हणजे लाल नव्हे, अनेक डिस्क एकत्र चालवायची पद्धत), दुसरं साधं, एचबीए.

"एचबीए घेऊ सर. तो हमाल हाय. पेटी इकडून तिकडं नेतो, आत काय हाय ते बघत नाय. हिशेब कॉम्प्युटर ठेवतो, आणि प्रत्येक डिस्कवर तिची ओळख लिहून ठेवतो. अदलाबदल झाली तरी चालतं."
"आणि रेड कंट्रोलर?"
"तो हेडमास्तर. सगळं स्वतः ठरवणार. फास्ट हाय, बॅटरी हाय, लाईट गेली तरी हातातलं काम विसरत नाय. पण हे जुनं मॉडेल. कोण कुठं बसतो ते याच्याच डोक्यात. पोरं जागेवरून हलली की ओळख दाखवणार नाय. आणि तो मेला तर तसलाच दुसरा शोधत फिरा."

मी निवृत्त हेडमास्तर. मला लागलं ते.
"हमालाच्या हातात मी कविता देणार नाही," म्हणालो. शब्दांचा मोह, दुसरं काय!

तो हसला. "बरं सर. मग डिस्कना हात लावू नका. आणि सीडीवर वेगळी कॉपी काढा. चार डिस्क म्हणजे बॅकअप नाय."

सीडी मी आणल्या. कपाटात ठेवल्या. कोऱ्याच.

खंडेनवमीला वाचनालयातली हत्यारं आम्ही पुजतो. बाइंडिंगची सुई, कात्री, शिक्के. त्या वर्षी वाटलं, सर्व्हरचीही पूजा करावी.
मशीन बंद केलं. चारही डिस्क ओढून काढल्या, फडक्याने पुसल्या, पाटावर मांडल्या. हळदकुंकू, झेंडू, आरती.
मग हाताला लागतील तशा परत सरकवल्या.

चालू केलं तर कार्ड किंचाळायला लागलं. पडद्यावर इंग्रजी मजकूर. शेवटी प्रश्न : नवीन रचना करू? वाय की एन?

मी वाय दाबलं.

इक्बाल चिपळूणला होता. कशेडी घाटात ट्रक आडवा झालेला, यायला दुपार झाली. मी सगळं सांगितलं. त्याने आधी वायर ओढली; आतलं पुसणं चालूच होतं.

मग नऊ दिवस दुकान बंद ठेवून वाचनालयात बसला. ते कार्ड काढलं, एचबीए लावलं. "आता डिस्क हायत तशा दिसतील. मध्ये कोण शहाणपणा करणार नाय." त्यांच्या कॉपी काढल्या आणि एकेक क्रम लावून बघत राहिला.

सगळ्यात आधी त्याने हिचा आवाज शोधला. मी सांगितलं नव्हतं. हेडफोन माझ्या कानांना लावला आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला.

अकरा आवाज आले नाहीत. पाचाडच्या आजीचा त्यातलाच.

कमिटीच्या बैठकीत तिचा नातू उभा राहिला. "माझ्या आजीचा आवाज कोणी पुसला, ते सांगा."
अध्यक्षाच्या खुर्चीत मी.
इक्बाल म्हणाला, "माझी चूक. डिस्क मी उलटसुलट लावल्या."
मी चष्मा पुसत बसलो.
"गल्फ रिटर्न म्हणे!" कुणीतरी हसलं.

वाचनालयाचं काम त्याच्याकडून काढलं. मग शाळांनीही काढलं.

पुढे एकदा वीर स्टेशनवर भेटला.
"का रे तसं बोललास?"
"सर, मला लोक चार दिवस बोलतील. तुमच्या हाताखाली शिकलेत सगळे, तुम्हाला बोलायचं म्हणजे त्यांची पंचाईत. चहा घ्या."

चार दिवस नव्हते ते. परवाच बाजारात ऐकलं, "इक्बालकडे नको, त्याने वाचनालयाचं वाटोळं केलं."
परवा! आणि मी भाजी घेऊन घरी आलो.
वाटायचं, सांगू सवडीने. तरणा माणूस, कुठे जातोय.

तर ऐका. डिस्क मी काढल्या. वाय मी दाबलं. इक्बालने जे वाचवता येईल ते वाचवलं.

त्या बैठकीला जे होते त्यांनी आता मला बोलावं. आजीच्या नातवाकडे उद्या मी स्वतः पाचाडला जातो आहे.

दफन दुपारच्या नमाजनंतर आहे. मी निघतो. तिथेही सांगणार आहे, त्याच्या भावासमोर.

इक्बाल, बाळा, तुझ्या सरांनी फार उशीर केला. अखेरचा नमस्कार.