बाईंनी मला भूगोलाकडे पाठवले

प्राध्यापिका इंदुमतीबाई परब यांना पंचाहत्तरावे वर्ष लागले, या आनंदात काढलेल्या या ग्रंथात मला लिहायला सांगितले गेले, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. मी भूगोलाची शिक्षिका. डिचोलीच्या एका शाळेत नकाशे टांगण्यात माझी नोकरी सरली. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेवर मी काय लिहिणार? पण मग वाटले, मी भूगोलाची शिक्षिका का झाले हे सांगितले, तरी बाई कोण आहेत ते वाचणाऱ्याला कळेल.

बाईंना मी प्रथम पाहिले ते बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, तर्कशास्त्राच्या तासाला. पेडण्याच्या एका आडगावातून, दोन बसगाड्या बदलून मी कॉलेजात यायचे आणि मागच्या बाकावर अंग चोरून बसायचे. बाईंनी नेमके मलाच उभे केले. “पहाटे पोदेर पाव घेऊन येतो, भोंपू वाजवतो, आणि मग सूर्य उगवतो. खरं ना? मग पोदेर सूर्याला उठवतो काय गो?” वर्ग हसला. मी घाबरून म्हटले, “नाही बाई, पोदेरालाच आमचा कोंबडा उठवतो.” बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या वर्गातले सर दारात आले. त्या दिवसापासून तर्कशास्त्राचा तास मी कधी चुकवला नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना नियम बदलले. तोपर्यंत शेवटच्या वर्षाला दोन विषय अर्धे-अर्धे घेता यायचे. एक पोटासाठी, एक आवडीचा, असे आम्ही मुली म्हणायचो. आता एकच मुख्य विषय घ्यायचा, असे परिपत्रक आले. शिवाय विषयाला ठरावीक संख्येने विद्यार्थी मिळाले नाहीत, तर तो विषयच बंद. कॉलेजात नुसता गोंधळ! कोणाला काही समजेना. बाईंनी व्हरांड्यात एक बाकडे टाकून घेतले आणि तास नसेल तेव्हा तिथे बसू लागल्या. मुले यायची, पालक यायचे. पुढे काय करायचे आहे, घरची परिस्थिती कशी आहे, एवढे विचारून बाई प्रत्येकाला सांगायच्या, “तू इतिहास घे”, “तुला अर्थशास्त्र बरं”. तत्त्वज्ञान घे, असे त्यांनी फारच थोड्यांना सांगितले. एक सहकारी न राहवून म्हणाले, “बाई, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेताय!” बाई म्हणाल्या, “पाय माझा आहे ना? मग तुम्ही का कळवळता?”

मी मात्र त्यांना न विचारता तत्त्वज्ञान ठरवून टाकले होते. माझे नाव धरले तर विषयाची संख्या भरत होती, आणि बाईंचा विषय आपण वाचवला याचा मला केवढा अभिमान! घरी बाबांनी आमच्या रीतीप्रमाणे ग्रामदेवीला कौल लावला. देवीच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे. उजवी पाकळी पडली तर होकार. उजवी पडली. झाले, प्रश्न मिटला!

बाईंना हे कळले आणि रविवारी सकाळी त्या आमच्या दारात उभ्या. मला शाळेत शिकवायचे आहे, हे त्यांना ठाऊक होते. तत्त्वज्ञान शाळेत शिकवत नाहीत. त्या एकाच विषयावर पदवी घेतली तर बी.एड.ची वाट बंद होणार, हे मला नव्हते ठाऊक. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे, साधा माणूस. हात जोडून म्हणाले, “बाई, देवीन उजवी दिली. आता आमी कोण?”

“पण देवीला विचारलंत काय?”

“तत्त्वज्ञान चेडवाक बरां काय, म्हणान इचारलंय.”

“बरंच आहे! नाहीतर इतकी वर्षं मी काय माती शिकवते? पण चेडवाला मास्तरीण व्हायचंय, नियम बदललाय, हे सांगितलंत देवीला?”

बाबांनी डोके खाजवले. “तां सांगूचां रवलां.”

“वकिलाकडे जाऊन अर्धी गोष्ट लपवलीत, तर वकील काय करणार? शाळेत शिकवायचं तर हिला भूगोल बरा. चला देवळात, तेच विचारू.”

आणि मग आमच्या गावात कधी झाले नव्हते असे गाऱ्हाणे झाले. गुरवाने बाईंकडून सगळे समजून घेतले आणि सूर लावला, “आई माये, विद्यापीठान नवो नेम काढल्यान! दोन विषय होते, त्येचो एक केल्यान! चेडवाक मास्तरीण होवचां आसा. भूगोल घेवचो असात तर उजवी दी!” जमलेली मंडळी म्हणाली, “होय माये!” पाकळी काही पडेना. गुरव म्हणाला, “देवी इचार करता.” बाई म्हणाल्या, “करू दे. विद्यापीठाने केला नाही, तिने तरी करावा.”

उजवी पडली. बाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, “देव बरें करूं.” स्वतःचा विषय बुडाला म्हणून देवीचे आभार मानणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. मला रडू आवरेना.

त्या वर्षी तत्त्वज्ञान बंद झाले. निवृत्तीपर्यंत बाई सर्वांना सक्तीचा असलेला सामान्य पेपर शिकवत राहिल्या, तोही मन लावून. पुढे मी नोकरीला लागल्यावर पेढे घेऊन गेले, तेव्हा धीर करून विचारले, “बाई, तुम्हांला वाईट नाही वाटलं?” “वाटलं तर! कित्येक दिवस जेवण गोड लागलं नाही. पण म्हणून तुला अडकवून ठेवू काय?” असे म्हणून त्यांनी माझ्याच पेढ्यांतला पेढा माझ्या तोंडात घातला.

या ग्रंथासाठी आमची पहिली बैठक पणजीला झाली. वाळपईहून बँकेतले एक गृहस्थ आले होते, आमोण्याच्या इतिहासाच्या शिक्षिका होत्या, सरकारी कचेरीतले दोघे होते, मी होते. ओळखी करून देता देता ध्यानात आले की आमच्यात तत्त्वज्ञानाचा पदवीधर एकही नाही. सगळे त्या बाकड्यावरून, आणि मी देवळातून, दुसरीकडे पाठवलेले. आम्ही आधी हसलो, मग बाईंनी आपल्याला काय सांगून पाठवले ते एकेकाने आठवून सांगितले.

बाई, तेव्हाच आम्ही एक ठरवले, ते तुम्हांला न विचारता इथे जाहीर करते. आता आमच्यापैकी कोणाला नोकरी मिळवायची नाही, बी.एड. करायचे नाही, विद्यापीठाचा कुठला नियम आम्हांला लागू नाही. दर रविवारी आम्ही तुमच्या ओसरीवर येणार, आणि या वेळी सगळे तुमचाच विषय घेणार. आम्ही जून झालेले, मठ्ठ विद्यार्थी आहोत. अभ्यासक्रम संपायला पुष्कळ वर्षे लागतील. तेवढी वर्षे, ठणठणीत प्रकृतीसह, देवीने तुम्हांला द्यावीत. आणि या वेळी, बाई, आम्हांला दुसरीकडे पाठवू नका.