राक्षसावर भरलेला आवाज

व्हीसीआरचं झाकण उघडलं तर कॅसेटची टेप आतल्या चाकाला गुंडाळून बसलेली. समोर सुनंदा वहिनी उभ्या. पूर्णगडहून पहिल्या एसटीने, मशीन गोधडीत बांधून, मांडीवर घेऊन रत्नागिरीला माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आलेल्या. सोबत त्यांची नऊ वर्षांची वैजू.

"मशीन गेला तर जाऊंदे भाऊ. कॅसेट तेवढी सांभाळा."

"सांभाळतो हो. सगळे हेच सांगतात."

इथेच मी चुकलो. सगळेच सांगतात म्हणून मी ऐकलंच नाही.

वहिनींचे यजमान जहाजावर खलाशी. आदल्या वर्षी समुद्रात पडले. बॉडी आली नाही, नुसतं पत्र आलं. आठ दिवसांवर वर्षश्राद्ध होतं. एवढं मला ठाऊक होतं. कॅसेटवर काय आहे ते मात्र मी विचारलं नाही.

दुपारी टेप सोडवली. हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, साफ केला. कॅसेट लावली आणि पडद्यावर जपानी राक्षस! शेपटीने इमारती पाडतोय आणि घराएवढा रोबो त्याला भिडतोय. त्या दिवसांत आपल्या टीव्हीवरही तसली मालिका लागायची. गल्लीतली पोरं माझ्या दुकानाच्या पायरीवर दाटीवाटीने बसायची आणि खोटं कशाला बोलू, तिशीतला मीही काम टाकून बघायचो. हा तर अस्सल तिकडचा माल. मी जाम खूश झालो.

मालिका संपली की दुकानातल्या टीव्हीचा स्पीकर मी काढून ठेवायचो. दिवसभर डोक्याला कटकट नको म्हणून. आणि जपानी ऐकून मला काय कळणार होतं, कपाळ!

दुरुस्तीनंतर मशीनचं एकूण एक बटण तपासायचं, हा माझा नियम. त्याचा मला माज होता. या मशीनला ऑडिओ डब होतं. म्हणजे चित्र तसंच ठेवून आवाज तेवढा नवा भरायचा. जुना आवाज आपोआप पुसला जातो. अशा टेस्टला स्वतःची कोरी कॅसेट लावायची असते. ती ड्रॉवरमध्ये होती. उठायचा कंटाळा केला.

माईक जोडला, बटण दाबलं. "हॅलो, चेक, वन टू थ्री." तेवढ्यात एक गिऱ्हाईक अँटेनावरून भांडायला आलं. मीही तोंड सोडलं. मशीन चालूच राहिलं, ते भांडण मिटल्यावर बंद केलं.

चार दिवसांनी दोघी आल्या. त्यांना ऐकू यावं म्हणून मी स्पीकर जोडला. राक्षस समुद्रातून वर आला, त्याने जबडा उघडला आणि माझा आवाज आला. "हॅलो, चेक, वन टू थ्री."

मी हसलो. वैजू हसली नाही.

"आई, बाबा कुठे गेले?"

वहिनी पडद्याकडेच बघत होत्या. "हिला जपानी कळंना, म्हणून रडायची. मग त्यांनीच बोलून गोष्ट भरलानी. राक्षसाचं पण तेच बोलायचे, रोबोचं पण."

टेप पुढे पळवली. माझाच आवाज. रोबो राक्षसाला उचलून आपटतोय आणि मी ओरडतोय, "अँटेना काय माझ्या बापाने वाकवला?" अगदी शेवटी जेमतेम अर्धं मिनिट उरलं होतं. एका बाप्याचा दमलेला आवाज, "आता नीज हां वैजू. राक्षस पण गेला पाण्यात झोपायला."

वहिनींनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी मशीन बांधायला गोधडी पसरली. वैजू माझ्याजवळ आली.

"काका, तुमचा आवाज पुसला तर खालून बाबांचा निघेल?"

"नाही गं," मी म्हणालो. आयुष्यात इतकं लाजिरवाणं उत्तर मी कुणाला दिलं नाही.

पायरीवरची ती पोरं आता केस पिकलेली. भेटली की रोबोच्या आठवणी काढतात, हातवारे करून राक्षस दाखवतात. मी हो हो म्हणतो आणि विषय बदलतो.

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची एक बारीक पट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर कुणाला काही भरता येत नाही. त्यानंतर दुकान बंद होईपर्यंत, गिऱ्हाईकाने कॅसेट हातात दिली की मी आधी विचारायचो, यात कोण आहे? मग पट्टी मोडायचो. मशीनचं काय बिघडलंय ते त्यानंतर.