अकोटच्या जिनिंगमधला गार प्रोसेसर

आधीच सांगते, भूत, भानामती, झपाटलेलं झाड यातलं मी काहीही मानत नाही. या सदरातले अनुभव मी चहासोबत वाचते ते करमणूक म्हणून. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, आणि सकाळी कळतं की ती बाई कधीच वारली होती... भुतांना दुसरे कपडे मिळत नाहीत का? तसलं काही हवं असेल तर पान उलटा. माझ्या गोष्टीत पैंजण नाहीत, रात्रही नाही. आहे तो एक प्रोसेसर.

अमरावतीला राजापेठेत आमची छोटी कंपनी होती. जिनिंगसाठी — म्हणजे कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यांसाठी — आम्ही कंट्रोल बॉक्स बनवायचो. सगळी लाइन तो बॉक्स चालवतो. आत एक प्रोसेसर, आणि तो किती तापलाय हे सतत बघणारा एक छोटा प्रोग्राम. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमचा उन्हाळा आणि पंख्यात अडकणारी रुई, यांच्यात प्रोसेसर जळायचे. म्हणून तो फार तापला की ड्रायव्हर लाइन बंद करायचा.

या ड्रायव्हरमध्ये कोणी बदल सुचवला की तो तपासून पास-नापास करायचं काम माझं. प्रत्येक बदलासोबत 'कारण' लिहावं लागे. ते धड नसेल तर मी पुढचा कोड वाचायचीसुद्धा नाही, 'काहून?', म्हणजे आमच्या वऱ्हाडीतलं 'का?', एवढंच लिहून परत पाठवायची. ऑफिसात मला मागून काहूनबाई म्हणायचे. म्हणोत बापडे.

ती वर्षं वऱ्हाडात फार वाईट होती. कापसाला भाव नव्हता, सकाळी पेपर उघडवत नव्हता. पीक जोरात होतं ते दोघांचंच — मुंबई-दिल्लीहून पाहणीला येणाऱ्या पथकांचं आणि गावोगावच्या बुवांचं. पथकं फोटो काढून जायची, बुवा दक्षिणा घेऊन जायचे. दोघांचाही मला सारखाच तिटकारा होता.

अशात अकोटहून इम्रानचा बदल आला. इम्रान आमचाच इंजिनिअर. वडिलांची तिथे जिनिंग, म्हणून तिथूनच काम करायचा. हुशार होता, पण मीटिंगला अत्तर लावून यायचा आणि स्वतःच्या हुशारीवर फार खूश असायचा. त्याचा बदल असा: प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा गार झाला, तर लाइन ताबडतोब बंद करावी.

आता, चालू प्रोसेसर हवेपेक्षा गार होऊच शकत नाही. पंखा हवाच मारतो, बर्फ नाही. असं रीडिंग आलं की आमचा ड्रायव्हर ते खोटं समजून सोडून द्यायचा, आणि तेच बरोबर होतं. कारणाच्या जागी इम्रानने लिहिलं होतं — 'असं झालं की थोड्या वेळाने कापसाच्या गंजीला आग लागते. दोनदा पाहिलं.'

मी फोनच लावला.

"इम्रान, ड्रायव्हर आहे तो. नजर लागू नये म्हणून दाराला बांधायचा कोहळा नाही."

"मॅडम, मी बी काई मानत नाही. पन आत बाया काम करून राहिल्या. दोन्ही खेपेले थोडक्यात वाचल्या. लाइन बंद केली तं काय बिघडते?"

"उद्या मांजर आडवं गेलं म्हणून बंद करशील."

नापास केला. पण खोटं रीडिंग येतंय म्हणजे बॉक्समध्ये काहीतरी दोष आहे, आणि तो मीच शोधणार होते. दुसऱ्या दिवशी नवा कोरा बॉक्स घेऊन अंजनगावमार्गे अकोटची एसटी पकडली.

जुना बॉक्स उघडला आणि मला हसूच आलं. आत सगळीकडे कुंकू. हंगामाच्या मुहूर्ताला मशीनची पूजा होते, त्यात बॉक्सवरही हळदकुंकू वाहून वर नारळाचं पाणी शिंपडलेलं. ते फटीतून थेट तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर.

"हे तुमच्या घरचे करतात?" मी विचारलं.

"बाया करतात जी. अब्बा निस्ते नारळ आनून देतात. नाही म्हनलं तं त्या मशिनीले हातच लावत नाहीत."

सापडलं की नाही कारण? माणसं इलेक्ट्रॉनिक्सला आंघोळ घालतात आणि मग चमत्कार झाला म्हणून सांगत सुटतात. मी इम्रानला भरपूर सुनावलं. नवा बॉक्स स्वतः बसवला. त्याला कुंकवाचं बोट लागू दिलं नाही, आणि त्यात ड्रायव्हर माझा, इम्रानच्या बदलाशिवायचा.

दुपार होती. बाहेर अंगाची लाही होत होती. लाइन सुरू झाली, बाया गंजीतून कापूस उचलून मशीनला घालू लागल्या. रीडिंग नीट चढलं, साठाच्या आसपास थांबलं. मी चहा मागवला आणि इम्रानकडे विजयी नजरेने पाहिलं. तो आकड्याकडे बघत होता.

चहा येईपर्यंत आकडा पन्नासवर आला होता. मग चाळीस. मग तीस... खोलीतली हवाच त्याहून गरम होती. अकरावर येऊन तो थांबला.

"सेन्सर," मी म्हटलं. "हाही खराब निघाला."

म्हटलं खरं, पण झाकण काढून प्रोसेसरवरच्या धातूच्या पट्ट्यांना बोट लावलं. माठाला हात लावल्यासारखं गार. बोट ओलं झालं. त्या उन्हात पट्ट्यांवर पाण्याचे थेंब जमले होते. लाइन धडधड चालू होती, प्रोसेसर काम करत होता, पंखा तोंडावर गरम हवा फेकत होता. मला भीती वाटली.

"मॅडम, बंद करू?" इम्रान म्हणाला. "मागच्या खेपेले बंद करू म्हनलं तं अब्बांनी मले लई झापलं. तुमी म्हनान तं करतो."

लाल बटण मीच दाबलं.

लाइन थांबली. बाया वैतागून बघू लागल्या. त्यांच्यात सगळ्यांत मोठी कोकिळाबाई, ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आली.

"काहून बंद केली जी? आमचं तं आत्ता कुठं काम लागलं होतं."

आयुष्यभर हाच शब्द मी लोकांच्या तोंडावर फेकला होता.

"माहीत नाही," मी म्हटलं. "सगळ्या बाहेर चला. आधी बाहेर चला."

बाया पुटपुटत अंगणातल्या निंबाखाली जाऊन बसल्या. कोकिळाबाईने तंबाखूची डबी काढली, ती अजून मळत होती, तेवढ्यात गंजीच्या मधोमध धूर दिसला. मग ज्या जागी त्या बाया वाकून कापूस उचलत होत्या तिथूनच जाळ वर आला. बंब येईपर्यंत शेडचे पत्रे वाकले होते. आत कोणी नव्हतं.

आगीचं कारण नंतर कळलं. कापसात खडा आला होता, मशीनमधून ठिणगी उडून गंजीत पडली आणि आतल्या आत धुमसत राहिली. जिनिंगमध्ये हे होतं, त्यात अमानवी काही नाही. पण पाच पावलं दूर बंद डब्यातल्या प्रोसेसरला ते कसं कळलं, आणि कळलं तर तो गार का पडला? तो बॉक्स मी अमरावतीला आणून अख्खा खोलला. सगळं ठीक होतं. पुन्हा तो कधी गार पडला नाही.

आता कृपा करून मला 'तिथे पूर्वी कोणी जळून मेलं असेल' असं कळवू नका. मी चौकशी केली आहे. कोणी मेलेलं नाही. इम्रान मात्र अजून तेच अत्तर लावतो आणि मला भेटला की नुसता हसतो. मला त्याचा अजूनही राग येतो.

त्याचा बदल मी त्याच आठवड्यात पास केला. कारणाची जागा त्याने या वेळी कोरी ठेवली होती. मीही कोरीच ठेवली. नंतर ड्रायव्हर कितीदा नव्याने लिहिला, प्रोसेसर बदलले, माणसं बदलली. ती ओळ मी प्रत्येक वेळी स्वतः तपासून पुढे घेतली. दर वर्षी कोणीतरी नवा हुशार इंजिनिअर ती काढून टाकायचा बदल पाठवतो. चालू प्रोसेसर हवेपेक्षा गार होऊच शकत नाही, असं कारण लिहितो. कारण अगदी बरोबर असतं.

मी नापास करते. तो विचारतो, काहून? मी सांगते, आत बाया काम करून राहिल्या.